तीच काच दोनदा

४ मार्च

काका,

नमस्कार करते, पण रागातच करते, हे आधी सांगून टाकते. काल तुम्ही फोन आपटलात. परवा मी आपटला होता, म्हणजे फिट्टंफाट झाली. आपण दोघं फोनवर बोलायला लागलो की आवाज चढतो, आणि मग कोण काय म्हणालं ते कुणालाच धड आठवत नाही. म्हणून लिहायला बसलेय. कागदावर तुम्हाला मध्येच तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा.

तुम्ही म्हणालात, मी बापाला उपाशी मारतेय. रागाच्या भरात बोललात असं मी धरून चालते, पण लागायचं ते लागलंच. आता नीट ऐका. बाबांच्या अन्ननलिकेतली गाठ वाढलीय. घट्ट काही खाली उतरत नाही, पातळही घोट घोट. गाठ काढायची वेळ केव्हाच टळली, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आता प्रश्न उरलाय तो पोटातून नळी घालून अन्न देण्याचा, आणि त्यासाठी तुमच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. इथल्या, हॉस्पिसमधल्या डॉक्टरीणबाई लपवाछपवी करत नाहीत. नळीने काही आठवडे जास्त मिळतील किंवा मिळणारही नाहीत, आणि एवढा प्रवास नि वर भूल हे त्यांच्या अंगाला झेपेलच असं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. ज्याला शुद्ध आहे त्याचा निर्णय त्याचाच, आणि शुद्ध गेली तर मग मला विचारतील, हेही सांगितलंय.

हॉस्पिस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काळोखी खोली येते. इथं तसलं काही नाही. बरं करण्याचा दावा इथं कुणी करत नाही, त्रास कमी करतात, आणि ते काम चोख करतात. खोली तळमजल्यावर आहे. खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा आहे, आणि बाबा पडल्या पडल्या गाड्यांचे नंबर वाचतात. स्वतःची नजर तपासतात म्हणे. सिस्टरच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती त्यांनी उशीखालचा छोटा पेचकस काढून घट्ट करून दिली. डॉक्टरीणबाईंना तर पहिल्याच दिवशी सांगितलं की तुमचा चष्म्याचा नंबर बदललाय, कपाळाला आठ्या पडताहेत. घास उतरत नाही म्हणून सिस्टर कॉफीत बुडवलेला स्पंजचा बोळा त्यांच्या ओठांवरून, जिभेवरून फिरवते, आणि ते डोळे मिटून घेतात. काका, उपाशी माणसाचा चेहरा असा नसतो.

मी त्यांना विचारलंय. "बाबा, इथंच बरं वाटतंय ना? कुठं जायचं नाही ना?" ते म्हणाले, "नाही गं, इथंच बरंय." तेव्हा विषय संपला. तुम्ही या, भेटा, चार गप्पा मारा. भांडायला मी आहेच.

तुमची,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, ते भांडणाने कमी होत नाहीत. आणि फोन मी आपटला नाही, हातातून निसटला.

पत्र छान लिहितेस. वाचताना क्षणभर वाटलं की दादा कुठल्या तरी हवापालटाच्या ठिकाणी मजेत पडलाय. मग भानावर आलो. हे बघ, तू दुकान चांगलं चालवतेस, गिऱ्हाईक सांभाळतेस, दादा तुझं कौतुक करताना थकत नाही. पण तू त्याला ओळखतेस मुलगी म्हणून. मी त्याच्यासोबत एका खोलीत वाढलो, एका टेबलावर चष्म्याच्या काचा घासायला शिकलो, त्याचे जुने बूट घालून शाळेत गेलो. हार मानणं त्याच्या रक्तात नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. परवा मी त्याच्याशी व्हिडिओवर बोललो. तुझी ती सिस्टर फोन धरून उभी होती, तिला विचार हवं तर. मी आडून आडून काही बोललो नाही. सरळ म्हटलं, "दादा, बरं व्हायचंय ना? इकडं येतोयस ना?" तो म्हणाला, "हो." दुसऱ्यांदा म्हटलं, "नक्की ना?" तर म्हणाला, "हो रे, येतो." आता बोल.

मी हातावर हात ठेवून बसणारा माणूस नाही. इथल्या मोठ्या सर्जनना भेटून आलो. त्यांच्या नाकावर बसलेला चष्मा माझ्या दुकानातला आहे, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. बेड सांगून ठेवलाय, खिडकीजवळचा. ॲम्ब्युलन्स पुढच्या आठवड्यात तुझ्या दारात येईल. तू फक्त त्याचे कपडे भर आणि सही कर. मी इथं हॉस्पिटलच्या दारात उभा राहीन, मग पुढचं सगळं माझ्याकडे लागलं.

तिकडं ये म्हणतेस, तर दुकान आहे, गुडघा आहे. आणि तो इकडं येतोच आहे, मग मी तिकडं कशाला येऊ? तो बरा झाला की आपण सगळे निवांत बसू.

तुझा,
काका


१४ मार्च

काका,

तुमचं पत्र वाचून आधी खूप चिडले. मला वाटलं, तुम्ही त्यांच्या तोंडून वदवून घेतलंत. पत्र तसंच मुठीत धरून डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, यांना कुणीतरी समजवा. बाबा मला म्हणतात इथंच बरंय, काकांना म्हणतात येतो. एकाच माणसाचे दोन जबाब. यातला खरा कुठला?

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही दोघांनी नेमकं कसं विचारलंत, ते शब्दाला शब्द सांगा. मी सांगितलं. तुमचं सांगताना मला अगदी चेव चढला होता, बघा, "येतोयस ना" असं विचारल्यावर माणूस काय नाही म्हणेल? मग माझं सांगायची पाळी आली. "इथंच बरं वाटतंय ना" हे मी मोठ्यांदा म्हटलं, आणि काका, माझी मलाच लाज वाटली.

तुम्हाला दुकानातला पहिला धडा आठवत असेल. बाबांनी तुम्हाला शिकवला, मग मला. नंबर काढायची ती जड फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायची, काच घालायची आणि "आता स्पष्ट दिसतंय ना" असं कधीही विचारायचं नाही. कारण लोक भिडस्त असतात. एवढा माणूस आपल्यासाठी खपतोय म्हटल्यावर हो म्हणतात, आणि नको त्या नंबरचा चष्मा घेऊन घरी जातात. म्हणून नुसतं विचारायचं, ही बरी की आधीची बरी. आणि शंका आली तर काच काढल्यासारखं करायचं आणि तीच परत घालायची. तीच काच असूनही कुणी "हां, ही जास्त छान" म्हणालं, तर ओळखायचं की हा आपल्याला खूश करतोय. मग चाचणी थांबवायची, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

आपण दोघं गेली कित्येक वर्षं परक्या माणसांना असं विचारतोय. गिऱ्हाइकाच्या नंबरात पाव फरक पडला तर आपल्याला चैन पडत नाही. आणि बाबांना त्यांच्या जिवाचं विचारताना आपण दोघांनीही आपल्याला हवं ते उत्तर त्यांच्या तोंडात घातलं. ते तर सगळ्यांत भिडस्त गिऱ्हाईक. त्यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. मला हो म्हणाले, तुम्हालाही हो म्हणाले. उद्या झाडूवाल्या बाईने विचारलं तर तिलाही हो म्हणतील.

तेव्हा माझं म्हणणं असं. ॲम्ब्युलन्स थांबवा. त्यांना आपल्या दुकानाच्या पद्धतीने विचारू. जे उत्तर येईल ते मी मानेन. जायचं म्हणाले तर मी स्वतः कपडे भरेन, सही करेन आणि गाडीत त्यांच्याजवळ बसून येईन. तुम्हालाही तसंच मानावं लागेल. कबूल असेल तर लगेच कळवा.

भिंगरी


१८ मार्च

चि. भिंगरी,

ॲम्ब्युलन्स थांबवलीय. रद्द केलेली नाही, नीट वाच. बेडही धरून ठेवायला सांगितलाय.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर त्याच चार काचा पुसत बसलो. काकूने दोनदा विचारलं, दुकानात काही फुटलं का. तू मला माझ्याच धंद्यातली चूक दाखवलीस, आणि ती आहे. कबूल. आता पुन्हा त्यावर बोलायचं नाही.

माझ्या अटी ऐक. पहिली, विचारणारी तू नसावीस. मीही नाही, म्हणून मी व्हिडिओवर येणार नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी विचारावं, त्यांना त्याच्या उत्तरातून काही मिळवायचं नाही. आणि तू त्याच्या डोळ्यांसमोर बसायचं नाहीस. आपण दिवा अक्षरांच्या तक्त्यावर ठेवतो आणि स्वतः अंधारात उभे राहतो ते कशासाठी? गिऱ्हाईक तक्त्याकडे बघतच नाही, आपल्या तोंडाकडे बघून उत्तर शोधतं. तू त्याच्या उशाशी, मागे बस. तुझा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक आहे, लहानपणापासून.

नळीचं वेगळं विचारायचं आणि हॉस्पिटलात जायचं वेगळं. दोन काचा एकदम घातल्या तर कशाने दिसतंय ते कळत नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने, मधे भरपूर गप्पा.

मी मानेन. शब्द दिला म्हणजे दिला. पण आत्ताच लिहून ठेवतो, तो इकडंच येणार म्हणेल. माझा दादा आहे तो.

काका


२३ मार्च

काका,

झालं विचारून. जसं झालं तसं सगळं लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

सकाळची वेळ निवडली. औषधाची गुंगी तेव्हा कमी असते आणि बाबा टवटवीत असतात. तुम्ही म्हणालात तशी मी उशाशी मागे बसले. बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. नंबर बदलून आणलेला नवा चष्मा त्यांनी घातला होता, त्यावर बाबा खूश. आधी त्याचंच बोलणं झालं. मग बाईंनी नळीचं सगळं सांगितलं, मिळालं तर काय मिळेल आणि सोसावं काय लागेल ते, दोन्ही सारख्याच आवाजात. आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

बाबांनी डोळे मिटून घेतले. मला तर वाटलं झोपले. मग म्हणाले, "नको."

त्यानंतर चष्म्याच्या काचेवर ओरखडे कसे पडतात, लोक शर्टाच्या टोकाने का पुसतात यावर चर्चा झाली. बाबांचा आवाज आता कुजबुजण्याएवढाच राहिलाय, पण त्या विषयावर ते बोललेच. मग बाईंनी उलटं विचारलं. समजा नळी घातलीच नाही, असेच घोट घोट घेत राहिलात, आणि त्यामुळे दिवस कमी मिळाले, तर? बाबा म्हणाले, "चालेल. घशात, पोटात काही घालू नका आता." दोन्ही बाजूंनी उत्तर एकच आलं. मागे बसून मी मनातल्या मनात जिंकले, हे तुमच्यापासून लपवत नाही.

मग दुसरी गोष्ट. इथं राहायचं की त्या शहरातल्या हॉस्पिटलात जायचं? बाबा लगेच म्हणाले, "जायचं."

मी तोंडावर हात ठेवला. बाईही क्षणभर गोंधळल्या, कारण नळी नको तर तिथं जायचं कशाला? पुन्हा गप्पा. गाड्यांचे नंबर वाचून झाले. मग उलटं विचारलं, इथंच राहिलात तर कसं? बाबांनी मान हलवली. "नाही. तिकडं जायचं." आणि मग हसले. काका, चक्क हसले, आणि बाईंना म्हणाले, "तीच काच दोनदा लावताय. कुणी शिकवलं?"

बाईंनी खरं ते सांगून टाकलं. तुमच्या मुलीने आणि भावाने. बाबांना फार बरं वाटलं असावं, कारण त्यांनी हात मागे करून माझा हात शोधला. मग बाईंनी विचारलं, तिथं असं काय आहे जे इथं नाही?

"धाकटा," बाबा म्हणाले.

बाईंना समजेना, मी सांगितलं, माझे काका. त्यांनी विचारलं, मग त्यांनाच इथं बोलावलं तर? यावर बाबा खिडकीबाहेर बघत बोलले. पुढचं मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण ते तुमच्यासाठी आहेत.

"तो इथं येणार नाही. त्याला असलं बघवत नाही. हॉस्पिटल म्हटलं की येईल, बरं होणार म्हणून येईल. लहान आहे तो."

तुम्ही सत्तरीचे आहात काका.

तेव्हा बाबांचं म्हणणं आता आम्हाला कळलंय. त्यांना नळी नको, ऑपरेशन नको, प्रवास नको. तुम्ही हवे आहात. आणि तुम्ही दाराशी याल म्हणून ते तीनशे किलोमीटर ॲम्ब्युलन्समधून आदळत यायला तयार आहेत, अंगात काही उरलेलं नसताना. मी शब्द दिलाय, त्यांनी जायचं म्हटलं तर मी सही करीन. आजही करीन. पण सही करण्याआधी तुम्हाला विचारते, आणि प्रश्नात काहीही आधीच घालत नाही. तुम्ही काय करणार आहात?

भिंगरी


२७ मार्च

भिंगरी,

बेड सोडला. सर्जनना सांगितलं, पेशंट येत नाही, मीच जातोय.

गुडघ्याचं काही नाही. गुडघा केव्हाचा बरा आहे. दादाला तसं पडलेलं बघायचं धाडस मला होत नव्हतं. मी त्याला बरं व्हायला सांगत होतो, कारण तो बरा होणार असेल तर मला काही सहन करावं लागणार नव्हतं. हे लिहिताना फार वाईट वाटतंय, पण खरं आहे.

हे पत्र पेटीत टाकून तसाच बसस्टँडवर जातोय. बहुतेक याच्या आधी मीच पोहोचेन. दादाला सांगू नकोस. नाहीतर सांग. सांगच.

काका


६ मे

काका,

बाबा गेले, मग तुम्हीही परत गेलात, तेव्हापासून घर फार मोठं वाटतं. दुकान परवा उघडलं. गिऱ्हाइकं येतात, आधी बाबांबद्दल विचारतात, मग चष्म्याचं. बहुतेक जण चांगलं बोलतात. पण काल समोरच्या औषधवाल्याची बायको आली, काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, एवढं मोठं हॉस्पिटल असताना शेवटी काहीच कसं केलं नाहीत गं तुम्ही? खायला तरी घालायचं.

मी तिला उत्तर दिलं. अगदी ठणकावून दिलं, तुम्ही असतात तर खूश झाला असतात. म्हटलं, त्यांनी स्वतः सांगितलं आणि आम्ही ऐकलं, याला काहीच न करणं म्हणत नाहीत. ती पिशवी उचलून निघून गेली. पण ती गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढून आत बसले. ठणकावून सांगता येतं, काका. स्वतःला सांगताना मात्र आवाज बारीक होतो.

आणखी एक विचारायचंय. तुम्ही आलात त्या पहिल्या दुपारी तुम्हीच मला घरी पाठवलंत, जरा झोप म्हणालात. मी संध्याकाळी परत आले तेव्हा तुमचे डोळे सुजलेले होते आणि बाबा मात्र निवांत पडले होते. त्यानंतर तुम्ही त्यांच्याजवळून हलला नाहीत. आणि बाबांची शुद्ध गेल्यावर तो नवा डॉक्टर आला, श्वास घरघरतोय, मोठ्या हॉस्पिटलात हलवू का म्हणाला, तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. सही माझी चालणार होती, पण बोललात तुम्ही. "नाही. त्याला इथंच राहायचंय. घरघर कमी करायला जे देता ते द्या." ज्या माणसाने ॲम्ब्युलन्स ठरवली होती तोच हे बोलला. इतकं खात्रीने कसं बोललात? त्या दुपारी काय झालं होतं?

सांगायचं नसेल तर नका सांगू.

भिंगरी


१२ मे

लाडक्या भिंगरीस,

त्या औषधवालीला माझा पत्ता दे. म्हणावं, इकडं ये, मी सांगतो सविस्तर. आणि तू शटर ओढून आत बसलीस म्हणून तू चुकलीस असं समजू नकोस. मीही ओढतो. प्रेमाचं माणूस गेलं की शटर ओढावंसं वाटतं, निर्णय बरोबर असला तरी. तू त्याला विचारलंस. मी तर विचारलंच नव्हतं. तू नसतीस तर मी त्याला गाडीत घालून आणलं असतं आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

आता ती दुपार. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण जमलं नाही.

तू घरी गेलीस. मी खुर्ची ओढून बसलो आणि आल्या आल्या बडबड सुरू केली. प्रवासाचं, दुकानाचं, काकूचं, काय वाटेल ते. तो ऐकत होता. त्याचे हात इतके बारीक झालेत हे बघायला लागू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बोलत होतो. मग बोलता बोलता मी खोटं बोललो. बेड मी कधीच सोडला होता, तरी त्याला म्हटलं, "दादा, बेड अजून आपलाच आहे. तू म्हणशील तर उद्या निघू. नळी घालू. काय?"

भिंगरी, मी उभ्या आयुष्यात त्याच्याकडे जे मागितलं ते त्याने दिलं. सायकल दिली, खोलीतली खिडकीकडची जागा दिली, वेगळं दुकान काढतो म्हटल्यावर स्वतःची अर्धी हत्यारं दिली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाला, "नाही."

मी पुन्हा विचारलं नाही. त्याची गरज नव्हती. त्या नव्या डॉक्टरला मी जे सांगितलं ते माझं नव्हतं, त्याचंच होतं, मी फक्त मोठ्यांदा म्हटलं.

पण डोळे सुजले ते त्यामुळे नाही. ते नंतरचं आहे. मी उठून खिडकीशी गेलो होतो.  तेव्हा त्याने विचारलं, "घाबरलास?"

आता त्याच्यापुढे काय लपवायचं. मी म्हटलं, "हो रे दादा. फार."

तो म्हणाला, "मीपण. म्हणून तर तू हवा होतास. बस इथं."

मी बसलो.

तुझा,
काका